धाकटीचं एक मिनिट

काटे दुरुस्त करावेत तर या घरानं. किराणावाल्याचा लोखंडी काटा असो की सोनाराचा नाजूक तराजू, बाजारात कुणाचं पारडं अडलं की माणूस सरळ याच दुकानाची पायरी चढतो. आणि दुकानातही खरा हात धाकटीचा. डिप्लोमाची शेवटची परीक्षा नुकतीच दिलेली पोरगी पेचकस उचलते तेव्हा बघत राहावं. खोटं वाटत असेल त्यानं यावं दुकानात, स्टूल देऊ बसायला.

पण बोलायची वेळ आली की पोरीची दातखीळ बसते. वडिलांनी लहानपणीच शिस्त लावली होती, काटा हलतोय तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. स्थिरावला की मगच आकडा सांगायचा. धाकटीनं ती शिस्त सगळ्या जगण्यालाच लावून घेतली. काही विचारलं की आधी गप्प बसणार, आतल्या आत तोलणार, मग बोलणार. तोवर थोरला भाऊ तिच्या वतीनं उत्तर देऊन मोकळा झालेला असतो.

आता कॉलेजात कंपन्यांची माणसं येणार होती. त्यांच्या टेबलाशी उभं राहून एका मिनिटात आपली ओळख द्यायची. मी कोण, मला काय येतं, मला काय हवंय. धाकटीला हवं होतं एकच टेबल. कारखान्यांची वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं. जागा एक, आणि तिच्यावर डोळा अख्ख्या वर्गाचा. धाकटीला चार दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

आदल्या दिवशी दुकानात तालीम चालली. भाषण थोरल्यानं रचलेलं.

"म्हण, आमच्या आजोबांनी या बाजारातला पहिला काटा दुरुस्त केला. म्हण, माझा भाऊ नुसत्या हातानं उचलून वजन सांगतो. म्हण, आमच्या दुकानातून गेलेला काटा..."

वहिनी वजनं पुसत बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्या एका मिनिटात बाहेरच्यांचा चहा पिऊन कप विसळून होतो. आणि यात हिचं नाव कुठंय?"

"शेवटी येतंय ना! आधी घराणं कळू दे."

"नोकरी घराण्याला लागायचीय का?"

धाकटी हसली नाही. ओठ नुसते हलत होते तिचे. "दादा, मी माझं म्हणते," ती म्हणाली.

"म्हण की. पण मी येतो बरोबर. अडलीस तर मी आहे."

तिला नको म्हणायचं होतं. ती नको कसं म्हणावं ते तोलत बसली, आणि तेवढ्यात थोरला शर्टाला इस्त्री करायला निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पोरंपोरी ताटकळलेली. कुणाच्याच घरचं कुणी नव्हतं. फक्त धाकटीच्या मागं दुकान बंद ठेवून आलेला थोरला, पहाडासारखा. पुढची पोरं पोपटासारखी बोलून जात होती. "मी मेहनती आहे, मनमिळाऊ आहे, शिकायची तयारी आहे." टेबलामागच्या मॅडम मान वर करत नव्हत्या. प्रत्येकाला एखादा प्रश्न विचारायच्या, की म्हणायच्या, "पुढचा."

धाकटीचा नंबर आला. थोरलाही तिच्याबरोबर पुढं सरकला. पण बोलली, नीट बोलली. काटे उघडून दुरुस्त करते, लहानपणापासून करते, आता मापं तपासायचं काम शिकायचंय.

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. "घरचं दुकान आहे. चांगलं चालतंय. मग ते सोडून इकडं का?"

धाकटी गप्प झाली. उत्तर तिच्याकडं होतं. कित्येक वर्षं होतं. पण ते ज्याच्याबद्दल होतं तो तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

मॅडम वाट बघत होत्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, "गेली कामातून."

थोरल्याला कुठं धीर निघतो? "मॅडम, दुकान सोडतेय कुठं? अख्खा बाजार आमच्या नावानं चालतो! ही शिकेल, मोठी होईल, आमच्या दुकानाचं नाव..."

"आपण कोण?"

"थोरला भाऊ हिचा."

"छान बोलता. मिनिट संपलं. पुढचा."

मागचा चश्मिश पुढं सरकलासुद्धा.  चार दिवसांचं पाठांतर, तीन वर्षांचा अभ्यास, सगळं मुसळ केरात. थोरला अजून बोलतच होता, "अहो मॅडम, ऐका तरी..."

"दादा," ती म्हणाली, "बाहेर थांब."

त्या घरात थोरल्याला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. वडिलांनीसुद्धा. तो जागचा हलेना.

"जा ना. पाया पडते."

तो गेला. सगळा हॉल बघत होता.

धाकटी मॅडमकडं वळली. "मॅडम, आत्ताचं मिनिट मी खर्च केलं नाही."

"ए, आमचा नंबर आहे," चश्मिश म्हणाला.

"बरोबर आहे त्याचं," मॅडम म्हणाल्या. "मागं जाऊन उभी राहा. वेळ उरला तर बघू."

ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. रांग हलेना. बाजूच्या टेबलांवरची माणसं आवरायला लागली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी पंखे बंद केले. तिच्यापुढं दोघं उरली तेव्हा मॅडमनी पर्स खांद्याला लावली. एक उरला तेव्हा घड्याळ बघितलं. मग तिच्याकडं बघून पर्स खाली ठेवली.

"हं. का सोडतेस दुकान?"

"दुकानात काटा मी दुरुस्त करते. गिऱ्हाईक भावाला विचारतं, झाला का? भाऊ म्हणतो, मी केलाय ना, डोळे झाकून न्या. तो खोटं नाही बोलत, त्याला तसंच वाटतं. तुमच्याकडं जो तपासतो तोच खाली सही करतो. चुकलं तर त्यालाच विचारतात. मला विचारलेलं हवंय, मॅडम."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "पहिले काही महिने नुसती वजनं पुसावी लागतील."

"पुसता येतात मला."

"सोमवारी ये. एकटी ये."

थोरला फाटकाशी स्कूटरवर बसून होता. चेहरा लाल. "झालं?"

"झालं. सोमवारपासून."

त्याला आधी आनंद झाला, मग राग आठवला. "मला बाहेर काढून काय सांगितलंस असं?"

धाकटीनं तोललं नाही. जे आत बोलली ते जसंच्या तसं त्याच्या तोंडावर बोलली.

"म्हणजे मी तुझं खातो?"

"पैसा नाही. नाव खातोस."

रस्त्यावरून माणसं जात होती. थोरला हँडलवरची धूळ बोटानं पुसत बसला. चारचौघांत डोळ्यांत पाणी आणणारा माणूस नाही तो.

"मग दुकानातले काटे कोण बघणार?"

"संध्याकाळी मी येईन. पण पावतीवर सही माझी."

"आणि मी काय करू? माश्या मारू?"

"तू बोल ना. गिऱ्हाईक धरून ठेवणारा तुझ्यासारखा दुसरा आहे का बाजारात?"

थोरल्यानं जरा विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "ते खरंय." आणि त्यानं किक मारली.