जास्वंदीवरची काजळी

आज सकाळी जास्वंदीचं पान पुसलं आणि बोट काळं झालं. रायपुरात यात नवल ते काय! पण बोट काळं झालं की मी ते अंगठ्यावर घासून पाहते, आणि घासताना दर वेळी मला हसू येतं.

नवं राज्य झालं त्या सुमारास नोकरीसाठी अमरावतीहून इथे आले, शंकर नगरातल्या दोन खोल्यांत. निघताना आईनं अंगणातल्या जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. कुंडीत ती जगली खरी, पण कळ्या टिकेनात, आणि पानांवर हा काळा थर. इथे गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींवर, सगळीकडे शहराला लागूनच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काजळी बसतेच. मी रोज पानं पुसायची आणि कारखान्यांच्या नावानं बोटं मोडायची. दर रविवारी आई फोनवर विचारायची, "फूल आलं का वं?" एकदा नाही म्हणणं जिवावर आलं आणि मी म्हणून गेले, "आलं की!" मग दर रविवारी माझ्या झाडाला फुलं वाढतच गेली. दिवाळीला आई येणार असं कळलं, तेव्हा माझं धाबं दणाणलं.

शेजारच्या काकू रेल्वेवाल्यांच्या घरातल्या, तांदूळ निवडायलाही भिंग घेऊन बसणाऱ्या. त्यांनी पानावर बोट फिरवलं, चोळलं. "काजळी कोरडी असते, पोरी. हे तर चिकटून राहिलं. अन् धुळीवर मुंग्या काहून चढतीन?" त्यांनी पांढऱ्या कागदावर फांदी झटकली आणि भिंग माझ्या हाती दिलं. कागदावर मोहरीहून लहान, हिरवे जीव चालत होते. मावा! पानांखाली बसून तो रस पीत होता, गोड चिकटा गाळत होता, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरत होती, आणि शिव्या मात्र बिचारे उरल्याचे कारखाने खात होते.

मग रोज साबणाच्या पाण्यानं पानांची खालची बाजू धुतली. आई आली तेव्हा झाडावर एकच कळी होती, तीही मिटलेली. आईनं कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागितला. ती परत गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी फूल उमललं. मी धावत फोन लावला, "आई, फूल आलं!"

"अवं, चार महिन्यांपासून तेच तर सांगून राहिली तू," आई म्हणाली आणि खो-खो हसली.

आता आई माझ्याकडेच असते. तिला धूसर दिसतं. कुंडीजवळ खुर्ची टाकून बसते आणि विचारते, "फूल आलं का वं?"

"नाही, आई. कळी आहे."

मग ती हात पुढे करते. मी माझं काळं बोट तिच्या हातात देते. ती ते काकूंसारखं सावकाश चोळून पाहते.

"कोरडं हाये," ती म्हणते. "येईन फूल."