रागात काडतुसं भरायची नाहीत

मी आमच्या बागेतल्या शेडमध्ये वापरलेली काडतुसं पुन्हा भरते, हे कळल्यावर आइंडहोव्हनमधल्या मराठी बायका हातातला चहाचा कप खाली ठेवतात आणि माझ्या नवऱ्याकडे फार कीव आल्यासारखं बघतात. म्हणून आधीच सांगून टाकते, मी आजवर एक चिमणीसुद्धा मारलेली नाही. आमच्या क्लबात यंत्र मातीची तबकडी हवेत भिरकावतं आणि आपण ती बंदुकीनं फोडायची, एवढाच हा खेळ. तबकडी फुटली की हातात उरते काडतुसाची रिकामी पुंगळी. अंग प्लास्टिकचं, बूड पितळी, अगदी धडधाकट. लोक ती पिंपात टाकतात आणि सायकलवर बसून घरी जातात. मी पिंपाजवळच थांबते.

चांगली वस्तू एकदा वापरून फेकायची, हे माझ्या हाताला जमत नाही. या देशात आले ती नवऱ्याच्या नोकरीपायी. तो चिप बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. मला इथे कुणी नोकरी दिली नाही, तेव्हा मी घरच्या ओट्यावर पोळ्या लाटून विकायला लागले. आज माझं स्वतःचं किचन आहे, हाताखाली माणसं आहेत. डच लोक घासाघीस करत नाहीत असं म्हणतात. माझा फोन आला की भाजीचा ठोक व्यापारी आधी खुर्ची ओढून बसतो, मग ‘हॅलो’ म्हणतो.

पुंगळी भरायची म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी बदलायची, मोजून बंदुकीची दारू घालायची, तिच्यावर बूच, बुचावर पोलादी छर्रे, आणि शेवटी पुंगळीचं तोंड दुमडून मिटवायचं. हे तोंड मोदकासारखं मिटतं. खरंच, कळ्या पाडून. काही पुंगळ्या सहा कळ्यांच्या, काही आठ. सहाचीला आठच्या साच्यात दाबलं की ती तोंड वाकडं करून बसते, जन्मात सरळ होत नाही. गणपतीत माझ्या किचनमधून उकडीचे मोदक जातात, त्यामुळे कळ्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

अडचण दारूची. कुठल्याही बाजारात मी वर चार मिरच्या मागून घेतल्याशिवाय पिशवी उचललेली नाही. इथे मात्र वर काही नाही. पुस्तकातल्या तक्त्यात जेवढं लिहिलंय तेवढंच, काट्यावर, प्रत्येक वेळी. परवाना देताना पोलिसांनी हे सभ्यपणे सांगितलं. क्लबातल्या दंतवैद्यानं ते सभ्यपणे सांगितलं नाही.

हा दंतवैद्य निवृत्त, उंच, आणि कानांत केस असलेला. आयुष्यभर तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशी बोलल्यामुळे समोरच्याला उत्तर द्यायचं असतं हे त्याच्या गावीच नाही. काडतुसं भरणाऱ्यांत क्लबात त्याचा शब्द शेवटचा. त्याच्याकडे काडतुसं भरायचा एक जुना प्रेस होता. ओतीव लोखंडाचा, लांब दांड्याचा, दांडा खाली ओढला की लोण्यातून सुरी जावी तसा आवाज. मी माझी काडतुसं एका टीचभर हातयंत्रावर, एकेक करून, बोटं दुखेपर्यंत भरत होते. त्या प्रेसवर माझा डोळा होता आणि ते सगळ्या क्लबाला माहीत होतं.

एका शनिवारी कॉफी पिताना त्यानं जाहीर केलं, की तो मोठं घर विकून फ्लॅटमध्ये चाललाय. त्या इमारतीत दारू ठेवायला बंदी, म्हणून प्रेस देऊन टाकायचाय.

“किती?” मी विचारलं.

“काही नाही. फुकट.”

“फुकट म्हणजे किती?”

“फुकट म्हणजे फुकट, बाईसाहेब. पण योग्य हातांत.” मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, “हे भरत असते तर आत्ता गाडीत ठेवला असता. शांत माणूस.”

नवरा बिस्किट खात होता. त्यानं आयुष्यात एकदाच बंदूक उडवलीय आणि मग आठवडाभर खांदा शेकत बसला होता. क्लबात तो येतो ते गाडी चालवायला.

“आणि माझे हात?” मी म्हणाले.

“तुम्ही चिडता.”

“मी चिडत नाही!”

टेबलावरचे सगळे कप वाजले असं नवरा अजून सांगतो. मी हात जरा जोरात ठेवला होता, बाकी काही नाही.

“अगं, हळू,” नवरा मराठीत पुटपुटला.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला फुकटात प्रेस मिळतोय.”

दंतवैद्य शांतपणे पाव कापत होता. “रागावलेला माणूस मोजताना एखादी पायरी विसरतो,” तो म्हणाला. “मला राग आला की मी दवाखान्यात ड्रिल खाली ठेवायचो.”

“आणि पेशंट?”

“वाट बघायचे. त्यांना कुठे जायचं होतं?”

सगळे हसले. मला हसणं लागलं नाही, त्याचं फुकट लागलं. किंमत सांगणाऱ्या माणसाशी मी दिवसभर भांडू शकते. किंमतच न सांगणाऱ्याला धरायचं कुठे? तेव्हा मी वेगळ्या बाजूनं शिरले. म्हटलं, “पुढच्या शनिवारी माझी पेटी आणते. त्यातलं तुम्ही निवडाल ते काडतूस उडवून बघा.”

आता हसणं थांबलं. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा आमच्याकडे सगळ्यांत जुना नियम. भावाचंही नाही. त्यात काही गडबड असली तर बंदूक तुमच्या गालाशी असते.

“उडवणार नाही,” दंतवैद्य म्हणाला. “पण चारपाच चाकूनं उघडून बघेन. मी निवडलेली. एकात जरी काही कमीजास्त निघालं, तर प्रेस दुसऱ्याला.”

“आणि नाही निघालं तर मला.”

“तर तुम्हाला.”

तो हात पुढे करायच्या आधीच मी तो धरून हलवून टाकला.

आता त्या आठवड्याचं सांगते. मी शेडच्या दाराशी उभं राहून स्वतःला विचारायचं ठरवलं होतं, बाई, तू चिडली आहेस का? चिडले असेन तर आत जायचं नाही. त्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. हरायचं नव्हतं म्हणून. पण हा प्रश्न रोज विचारायला लागल्यावर लक्षात आलं, की माझ्या दिवसात न चिडलेली वेळ फारच थोडी असते. एकदा व्यापाऱ्यानं काळे डाग पडलेला फ्लॉवर पाठवला. एकदा खेमेन्तेतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, कचऱ्याच्या डब्याबद्दल फोन आला, की तो रस्त्याकडे तोंड करून ठेवा. डब्याला तोंड कुठे असतं, हे मी त्या बाईला पुष्कळ वेळ विचारत होते. दोन्ही संध्याकाळी शेड बंद.

मधे एक संध्याकाळ बरी गेली. पुंगळ्या निवडल्या, सहाच्या एकीकडे, आठच्या एकीकडे. भोकाभोकांच्या लाकडी फळीत उभ्या केल्या, दारू मोजली, ती सगळीकडे सारखी पडलीय ना हे बघायला टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकावले, मग बूच, छर्रे, कळ्या. अर्धी पेटी भरली. इतकी शांत होते की नवऱ्याला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी भरत होते. फळी भरत आली होती आणि नवरा चहा घेऊन दारात आला.

“अगं, एक बोलू का?”

“नको.”

“छोटंसंच आहे.”

“भरताना बोलायचं नाही, माहितेय ना?”

“बरं.” तो वळला, आणि जाता जाता म्हणालाच, “तो म्हातारा अगदीच चुकीचं बोलत नाही हं.”

मी हात चालू ठेवले. पण डोक्यात मी दोघांना, दंतवैद्याला आणि आमच्या ह्यांना, शेजारी शेजारी उभं करून जे सुनावायला लागले ते फळी संपेपर्यंत संपलं नाही. भानावर आले तेव्हा काडतुसं तयार होती. कळ्या तर अशा, की पहिल्या अर्ध्या पेटीपेक्षा देखण्या. पेटीत ठेवून झाकण लावलं.

शनिवारी सकाळी ते झाकण मला बघवेना. टॉर्चनं मी प्रत्येक पुंगळीत डोकावले होते का? डोकावले असेन. नेहमी डोकावते. पण आठवायला गेलं की पुंगळी दिसायचीच नाही, नवऱ्याचं तोंड दिसायचं. दंतवैद्य चारपाचच उघडणार होता. बाहेरून कुणाला काही कळणार नव्हतं. सौदा म्हणून बघितलं तर गप्प बसणं फायद्याचं होतं आणि फायदा मला चटकन दिसतो.

दुसरी अर्धी पेटी मी शेडमध्ये नेली आणि सगळी काडतुसं कापून उघडली. दारू काट्यावर टाकली. बरोबर. पुढची. बरोबर. शेवटपर्यंत एकीतही काडीचा फरक निघाला नाही. एवढ्या सुरेख कळ्या फुकट गेल्या. तेव्हा मात्र मला खरोखर राग आला.

क्लबात पेटी उघडून दंतवैद्यानं चष्मा वर केला. “अर्धीच?”

“बाकीची उघडली.”

“का? चुकली होती?”

“नाही. सगळी बरोबर निघाली.”

“मग उघडली का?”

“भरताना चिडले होते. बरोबर आहेत की नाहीत ते मला ठाऊक नव्हतं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे नव्हे. मग चाकू मिटून खिशात टाकला. पेटीतली दोन काडतुसं उचलली, कळ्यांवरून अंगठा फिरवला, आणि बंदूक घेऊन बाहेर गेला. आम्ही सगळे कॉफी सोडून मागे. त्यानं दोन्ही नळ्या भरल्या, बंदूक गालाला लावली आणि तबकडी मागितली. पहिली तबकडी फुटून तिची धूळ झाली. दुसरी तशीच्या तशी जाऊन गवतात पडली.

“पहिली तुमच्या काडतुसाची,” तो म्हणाला. “दुसरी माझ्या डोळ्यांची. प्रेस तुमचा.”

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण फुकट घेतलेली वस्तू जन्मभर ऐकवली जाते, म्हणून मी म्हटलं, “फुकट नको. किंमत सांगा.”

“शून्य.”

मी एक आकडा सांगितला. तो म्हणाला, शून्य. मी वाढवला. शून्य. मी आणखी वाढवला, आणि लोक बघायला लागले, कारण विकत घेणारी वर चढतेय आणि विकणारा जागचा हलत नाही असा सौदा कुणी पाहिला नव्हता. नवरा माझी बाही ओढत होता.

“बरं,” शेवटी दंतवैद्य म्हणाला. “एवढं असेल तर मला रविवारी दुपारी तुमच्या शेडमध्ये येऊन बसू द्या. पुंगळ्या निवडून देईन. फ्लॅटमध्ये मी काय करू?”

“मान्य!” मी लगेच म्हटलं. म्हातारा फिरायच्या आत हात धरून हलवून टाकला.

घरी येताना गाडीत मागच्या सीटवर प्रेस होता, सीटबेल्ट लावलेला. मी खुशीत होते. नवरा सिग्नलला थांबला आणि म्हणाला, “किती रविवार, ते विचारलंस का?”

मी विचारलं नव्हतं. या धंद्यात एवढी वर्षं काढून मी मुदत न ठरवता हात दिला होता.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. पुंगळ्या उत्तम निवडतो, हे कबूल. पण माझा दांडा ओढायचा वेग त्याला पटत नाही, शेडमधल्या दिव्याबद्दल त्याचं मत आहे, आणि चहा त्याला पाण्यासारखा लागतो, पाचपाच चमचे पावडर घातली तरी. चकल्या मात्र मोडून मोडून सगळ्या संपवतो. क्लबात सांगतो, की प्रेस त्यानं फुकट दिला.

गेल्या रविवारी तो येताना स्वतःची खुर्ची घेऊन आला.