देवीचा मोगरा आणि विमलाची मधुपर्णी

मुळगावची विमला हट्टाला पेटली की देवाचेही ऐकत नाही. शेजारच्याच टेबलावर बसते मी, माझ्याइतके कुणाला ठाऊक? डिचोलीच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही बाया डोक्याला टोपी आणि तोंडाला पट्टी बांधून रोपांचे बारीक तुकडे करतो आणि बाटलीतल्या खळीसारख्या खाद्यावर लावतो. तिथे त्यांना फुटवे येतात. आजवर केळीच केल्या. मधुपर्णीचा हट्ट विमलाचा. या झाडाच्या पानात साखर नाही, पण गोडवा साखरेच्या वरताण.

तिचे वडील गुरुदास खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, पाठोपाठ मधुमेह आला आणि चहा फिका झाला. म्हातारा त्यात उंडा पाव बुडवून, भिंतीकडे तोंड करून रुसल्यासारखा खायचा. "बाबांका गोड च्या पाजतलंयच!" असे विमलाने गावभर सांगून ठेवले. आता माघार कशी घेणार?

पहिली खेप बुरशीने खाल्ली. बाटल्यांत नुसता पांढरा कापूस. प्रयोगशाळेचे प्रमुख शांताराम सर यांनी बजावले, "आणखी एक खेप गेली तर मधुपर्णी बंद. परत केळी." नासलेल्या बाटल्या बहुतेक विमलाच्याच हातच्या. स्पिरिटने हात धुऊन धुऊन बिचारीची कातडी सोलवटली.

दिवस मोगऱ्याचे होते. विमला रोज सकाळी शिरगावच्या लईराई देवीच्या पाया पडून, प्रसादाचा मोगरा माळून यायची आणि वर टोपी चढवायची. देवीची फुले सुकेपर्यंत उतरवायची नाहीत, हे तिच्या घरचे वळण. दुसऱ्या खेपेला ती उघड्या बाटलीवर वाकली आणि एकदम थबकली.

"गो, हय मोगऱ्याचो वास येता!"

"येवंदी मगे. देवीचो परमळ तो," मी म्हटले.

"वास येता म्हणजे फुलातला कायतरी बाटलीत पडताच! तीच ती बुरशी!"

ती तडक बाहेर गेली. देवीची फुले कचऱ्यात कशी टाकणार? दाराबाहेरच्या खिळ्याला तिने गजरा अडकवला आणि हात जोडले. "आई, तू हयच रव. भितर माका काम आसा." मी हसले खरी, पण माझाही गजरा काढून तिथेच लावला. सरांनी कानावरचे प्रसादाचे फूल गुपचूप काढले ते मी पाहिले.

ती खेप काचेसारखी स्वच्छ राहिली. फुटवे आले, मुळे धरली. आधी जाळीच्या सावलीत, मग विमलाच्या परसात रोपे तरारली. मला तर नाचावेसे वाटत होते.

पहिली पाने उकळून तिने चहा केला. गुरुदासांनी घोट घेतला आणि डोळे वटारले. "साकर घातलंस? माका मारूक बगतंस?"

"बाबा, ह्या पान चावन बगा."

त्यांनी चावले. मग कप घेऊन उठले, दारात जाऊन शेजाऱ्याला ओरडून म्हणाले, "ओ कृष्णनाथ, च्या घेवक ये! आमच्या विमलान बाटलीत साकर पिकयली!"

विमला चुलीपाशी रडत होती आणि हसत होती. उरलेला चहा म्हातारा रस्त्याकडे तोंड करून प्याला.