हरवलेलं खुरपं

"उत्तर राहू दे. कुठून गेलात, ते सांगा."

असं म्हणून सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि समोरच्याचं बोलणं डोळे मिटून ऐकायचे. ऐकून झालं की तोच चष्मा टेबलावर, खणात, खुर्चीखाली शोधत बसायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा विसरभोळा असेल. पण आमच्या सरांचं काम होतं माणसांची बुद्धी मोजायचं, हे लक्षात घ्या.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्यानंतरची दोन-चार वर्षं. शिक्षक तयार करणाऱ्या एका कॉलेजात सर मानसशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांचा मदतनीस होतो. स्टॉपवॉच माझ्याकडे असायचं. ते हातात आलं की मला वाटायचं, सगळ्यांची बुद्धी माझ्याच मुठीत आहे. सर मला 'घड्याळवाले' म्हणायचे. मला राग यायचा, पण सांगतो कुणाला.

पहिल्या तासाला सर फळ्यावर 'बुद्धी म्हणजे' एवढंच लिहायचे. कुणी म्हणे स्मरणशक्ती, कुणी म्हणे नव्या अडचणीतून वाट काढणं. सर सगळं फळ्यावर उतरवायचे. मग सांगायचे, "मोठमोठ्या मानसशास्त्रज्ञांचंही एकमत नाही बरं. एक म्हणतो, बुद्धी ही एकच शक्ती. विहीर एक, पाणी हव्या त्या पाटाला सोडा. दुसरा म्हणतो, छे, विहिरीच निरनिराळ्या. आकड्यांची वेगळी, शब्दांची वेगळी. तिसरा म्हणतो, बुद्धीच्या चाचणीत जे मोजलं जातं, त्यालाच बुद्धी म्हणायचं." वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत, कारण चाचणी तयार करणारे तेच होते.

चार वर्षं खपून त्यांनी एक परदेशी चाचणी मराठीत आणली होती. नुसतं भाषांतर नव्हे. मूळ प्रश्नात एक फाटक असलेल्या गोल मैदानात चेंडू हरवलेला असतो. कुठं पडला ते माहीत नाही. शोधायला कसे फिराल, ते पेन्सिलीनं रेघ ओढून दाखवायचं. सर म्हणाले, "आपल्या बायकांना चेंडू कशाला? खुरपं घालू." मैदानाचं शेत झालं, चेंडूचं खुरपं झालं. या बदलावर स्वारी भलती खूश होती. एका कडेनं सुरुवात करून सगळं शेत पालथं घालणाऱ्या रेघेला तीन गुण. अर्धवट रेघेला शून्य.

त्या वर्षी शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बायकांची निवड या चाचणीवर करायचं ठरलं. किमान गुण ठरवले होते. त्यांच्या खाली राहील तिला प्रवेश नाही.

शिरोळकडची एक बाई आली होती. पंचविशीची, नवरा वारलेला, सातवीची फायनल पास. नाव पुकारायच्या आधी तिनं मला गाठलं. "सायेब, औंदा न्हाई झालं तर फुडल्या साली परत घेत्यात का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग आजच व्हायला पायजे. भावानं माझ्यासाठी दुसरा नवरा बघून ठेवलाय. आन् त्यो म्हणतोय, पोरगी संगं आणायची न्हाई."

मी घड्याळ दाबलं. त्या गोलात तिनं फाटकापासून दोन बोटं रेघ ओढली, तशीच माघारी आणली आणि पेन्सिल खाली ठेवली. मी शून्य लिहिलं. बेरजेत ती दोन गुणांनी खाली राहिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कागद गठ्ठ्यात सरकवला.

निकालाआधी सर सगळे कागद नजरेखालून घालायचे. त्या रेघेवर त्यांचं बोट थांबलं. चाचणीत मोजायचं असतं, विचारायचं नसतं, हे त्यांनीच मला शंभरदा बजावलेलं. तरी उठले, व्हरांड्यात बसलेल्या बाईसमोर कागद धरला. चष्मा कपाळावर गेला. "बाई, उत्तर राहू दे. कुठून गेलात, ते सांगा."

"सकाळधरनं जितपतूर तण काढत गेलते, तितनंच माघारी आले की."

"आणि बाकीचं शेत?"

"बाकीच्या रानात मी गेलेच न्हाई. मग तितं खुरपं कसं जाईल? खुरपं म्हंजे काय चेंडू हाय व्हय, घरंगळत जायला?"

चेंडू म्हणाली ती. मूळ प्रश्न तिनं जन्मात पाहिला नव्हता. चेंडू कुठंही जाईल. खुरपं हात गेला तिथंच असणार. सरांनी वस्तू बदलली आणि उत्तर जुनंच ठेवलं. चार वर्षांत आम्हा दोघांना जे दिसलं नाही, ते हिला माझ्या घड्याळाच्या टिकटिकीत दिसलं होतं.

आत आल्यावर मी म्हणालो, "सर, देऊन टाकू तीन गुण. कुणाला कळतंय?"

सरांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "देऊन टाकायला ती काय भीक मागायला आली आहे? चूक माझी आहे, घड्याळवाले. जिला जिला इथं शून्य पडलंय, तिला बोलवा."

अकराजणी होत्या. सरांनी एकेकीला बसवून विचारलं. चौघींची वाट तीच निघाली. बाकीच्या नुसत्याच गोंधळलेल्या होत्या, त्यांचं शून्य कायम राहिलं. नवी यादी घेऊन सर प्रिन्सिपॉलांकडे गेले. ते म्हणाले, "तुमचं या चाचणीचं पुस्तक छापायला गेलंय ना? मग ते चुकलं म्हणायचं?"

"हो," सर म्हणाले.

तिथून आम्ही थेट तारऑफिसात. सरांनी छापखान्याला तार लिहिली: 'छपाई थांबवा. मला शेत माहीत नाही.' खिडकीतला बाबू म्हणाला, "पावणं, दुसरं वाक्य कशाला? कामाचं पयलंच हाय की."

"दुसरंच कामाचं आहे. राहू द्या."

विद्वान मी पुष्कळ पाहिले, पण असा पाहिला नाही. त्या दिवशी मी बुद्धीपुढं दोनदा हात जोडले, एकदा व्हरांड्यात आणि एकदा त्या खिडकीपाशी.

बाईंना प्रवेश मिळाला. मुलगी त्यांच्याजवळच राहिली, आणि पुढं शिरोळच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. सर रविवारी एसटीनं कधी शिरोळला, कधी गारगोटीला जायचे आणि बांधावर उभं राहून बायकांना प्रश्न विचारायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं होतं. ते पुरं व्हायच्या आत, पाच-सहा वर्षांनी, सर एका पहाटे झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "ह्यांचा चष्मा सापडत नाही हो. तेवढा जवळ ठेवला असता." मी घर पालथं घातलं. दारापासून सुरुवात करून, कडेकडेनं, प्रत्येक खोली, प्रत्येक कोनाडा. जुन्या पद्धतीनं मला तीनपैकी तीन गुण पडले असते. चष्मा काही मिळाला नाही.

दुपारी शिरोळहून बाई आल्या, मुलीला घेऊन. चष्म्याचं ऐकलं आणि त्यांनी वहिनींना हळू आवाजात विचारलं, "आदल्या दिवशी सर कुठनं कुठनं गेलते?" वहिनी आठवून आठवून सांगत गेल्या. आधी अंगणात, मग चहाला, मग लिहायला बसले, मग जेवायला हाक मारली तशी वही मिटून उठले. बाई त्याच वाटेनं चालत मेजापाशी आल्या. मेज मीही बघितलं होतं, पण वही उघडली नव्हती. त्यांनी उघडली. चष्मा आत होता, खूण घातल्यासारखा.

त्या पानावर तोच गोल होता, तेच फाटक. उत्तराच्या रकान्यात पाच-सहा उत्तरं लिहून खोडली होती आणि खाली एकच शब्द ठेवला होता: 'विचारावे.'

बाईंनी चष्मा पदरानं पुसून वहिनींच्या हातात दिला. मग त्या शब्दावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "सायेब, आता कोण इचारणार?"