दुर्गाबाईंचा शिंपला

पुंजाजींची उमर कोळशात गेली. अकोल्याकडच्या एका वीज केंद्रात वॅगनी रिकाम्या करता करता बोटांच्या रेघांत जे काळं बसलं, ते निवृत्तीनंतरही निघालं नाही. माणूस मात्र स्वच्छतेचा भारी वेडा. पितळेचा तांब्या जरा काळवंडला, की यांनी चिंच भिजत घातलीच म्हणून समजा.

बायको दुर्गाबाई. सहा डिसेंबरला दोघं न चुकता दादरला, चैत्यभूमीवर जायची. शेवटच्या खेपेला अभिवादन करून परतताना तिनं वाळूतून एक पातळ गुलाबी शिंपला उचलला आणि पदराच्या गाठीत बांधून घरी आणला. वर्ष सरायच्या आत ती गेली. तिची लुगडी लेकीसुनांनी वाटून घेतली. म्हाताऱ्यानं तेवढा शिंपला ठेवला, तिच्या फोटोपुढं.

यंदा तिच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी फोटो पुसताना शिंपला मळकट वाटला. म्हातारबुवांनी वाटीत चिंचेचा दाट कोळ केला आणि शिंपला त्यात बुडवला. बारीक बुडबुडे आले तशी कळी खुलली. "मळ सुटून राहिला," म्हणत ते मेणबत्त्या आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून नात आली, पायल. तिथं ती प्राणिशास्त्र शिकते. तिनं वाटीत हात घातला आणि शिंपला बोटांतच मोडला. गुलाबी रंग गेलेला, कडा खाल्लेल्या.

"आबा, हे काय केलं तुमी? आंबटानं शिंपला इरघळते ना!"

पुंजाजींना स्वतःच्या अकलेची चीड आली, रडूही आलं. डोळे पुसत म्हणाले, "सहा डिसेंबरले दुसरा आनतो तिच्यासाठी. समुद्रात काय कमी हायेत?"

पायल गप्प बसती तर बरं झालं असतं.

"कमीच होतीन, आबा. धुरातला वायू समुद्रात मुरून राहिला. पानी हळूहळू आंबटाकडं चाललं. बारक्या जिवायले शिंपला बांधनंच जड जाते."

"एवढ्या मोठ्या समुद्राले? कायचा धूर?"

"पेट्रोलचा, डिझेलचा. सगळ्यात जास्त कोळशाचा."

वंदनेची वेळ झाली. मेणबत्ती पेटवायला पुंजाजींनी हात पुढं केला, बोटांकडं पाहिलं आणि काडेपेटी पायलकडं सरकवली.

"तूच लाव माय," ते म्हणाले.