दोन बोटांची आत्या

माझ्या आत्याचा डावा हात तुमच्याआमच्यासारखा आहे. उजवा कोपराखाली वीतभर येऊन थांबतो आणि त्याच्या टोकाला करंगळीएवढी दोन बोटं आहेत. जन्मापासून तसाच. लोक तिला 'बिचारी' म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या दोन बोटांनी ती कांद्याचा पातळ पापुद्रा अलगद उचलून काचपट्टीवर ठेवते आणि चिमटे घेऊन बसलेले आम्ही दहा-दहा बोटांचे वीर नुसते बघत राहतो.

ती आमच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायची, पण हंगामी. कायम व्हायचं तर तपासणीसांसमोर एक पाठ घ्यावा लागे. नेमकं तेव्हाच कुणा पालकानं कुरकुर केली, की बाईंचा हात बघून आमचं मूल घाबरतं. ते मूल माझ्या शेजारी बसायचं आणि आत्याच्या तासाला खुशाल बाकाखाली डबा खायचं. घाबरतंय कसलं! पण मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, आत्याला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "पाठाच्या दिवशी कृत्रिम हात लावून या. तेवढंच बरं दिसतं."

बाबा लगेच रबरी हात घेऊन आले. गुलाबी, पाचही बोटं ताठ, नखंसुद्धा रंगवलेली.

"अगं, एक दिवस घाल. तुझं काय जातंय?"

"माझा हात जातोय, दादा."

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

शिकवणं तिला जीव की प्राण होतं. सुट्टी लागली की ती घरात पिंजऱ्यात ठेवल्यासारखी येरझारा घालायची. तिनं मुकाट्यानं हात चढवून पट्टा आवळला.

पाठाचा विषय तिनं मुद्दाम निवडला होता: विषमरूपता. टेबलावर बरणीत एक खेकडा होता, एक नांगी पळीएवढी आणि दुसरी चिमटीएवढी. शेजारी पाणवनस्पती. तिची पाण्याखालची पानं केसांसारखी बारीक, पाण्यावरची चांगली रुंद. एका डबीत एकाच वारुळातली वाळवी, काही मऊ कामकरी, काही मोठ्या डोक्याचे सैनिक.

आत्या बोलत होती छान, पण वर्गाचं लक्ष खेकड्याकडे नव्हतंच. सगळे त्या गुलाबी हाताकडे बघत होते. मागे तपासणीस बसलेले, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई. आत्या पाण्यातलं पान उचलायला वाकली. तिची ती हुशार बोटं रबरात कोंडलेली. ताठ पंजा बरणीला लागला, बरणी आडवी झाली, पाणी हजेरीपटावर गेलं आणि खेकडा तिरका तिरका टेबलाच्या कडेला पोचला. वर्ग खो-खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्यानं डाव्या हातानं खेकड्याला पाठीवर धरून बरणीत घातलं. मग दातांनी पट्टा सोडवला, रबरी हात ओढून काढला आणि टेबलावर ठेवला, खेकडा आणि वाळवीच्या मधोमध.

"आता सांगा," ती म्हणाली. "या टेबलावर दाखवायला ठेवलेलं एक सोडून सगळं जिवंत आहे. जिवंत नसलेलं काय?"

"हात!" अख्खा वर्ग ओरडला. मी सगळ्यात मोठ्यानं.

"बरोबर. आणि सगळ्यात नीटनेटकंही तेच दिसतंय." तिनं दोन बोटांत ते बारीक पान उचललं, उजेडात धरलं. "विषम म्हणजे एकसारखं नसलेलं. बिघडलेलं नव्हे. मोठी नांगी भांडायला आणि मिरवायला, छोटी खायला. बरं दिसावं म्हणून दोन्ही मोठ्या केल्यात, तर खेकडा उपाशी मरेल."

पुढचा पाठ असा रंगला, की घंटा झाली तरी कुणी उठेना.

नंतर मी बरणी घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभी होते. दार अर्धवट उघडं होतं; आत आत्या आणि तपासणीसही होते.

"पाठ चांगला झाला," मोठ्या बाई म्हणाल्या. "कायम करायला हरकत नाही. पण एक अट. वर्गात तो हात लावायचा."

"मग हातालाच कायम करा," आत्या म्हणाली. "बघू या तो किती पाठ घेतो."

तपासणीसांना जोरात खोकला आला. खोकला कसला, हसू होतं ते. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं करून का होईना, अट मागे घेतली.

घरी बाबा दारातच उभे होते. आत्याच्या मोकळ्या बाहीकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

"गेली ना नोकरी? आणि हात कुठंय?"

आत्यानं दोन बोटं त्यांच्या नाकासमोर नेऊन हलवली.

"हा काय."