भावजींचं नाक

माझे धाकटे दीर वाइन करायला शिकवणाऱ्या एका कॉलेजात मास्तर होते. त्यांचा विषय एकच, वास. पेला गोल फिरवायचा, नाक आत घालायचं आणि आतल्या वाइनला कुठे काय दुखतंय ते सांगायचं. मुलं त्यांना पाठीमागे ‘नाक’ म्हणत. आज नाक तापलंय, आज नाक रजेवर आहे, असं चालायचं. भावजींना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

लग्न त्यांनी केलं नाही. कॉलेजजवळच्या दोन खोल्यांत राहायचे. साबण बिनवासाचा, आणि कुणी अत्तर लावून आलं की त्याला गॅलरीत बसवायचे. मी गेले की चहाच्या आधी माझ्या डोक्याच्या तेलाची चौकशी व्हायची.

एका हिवाळ्यात त्यांना साधाच ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, नाहीही येणार. भावजींनी ते कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. मी जिन्यात होते तेव्हाच करपल्याचा वास आला. आत पाहते तर गॅसवर पातेलं काळं पडलेलं आणि शेजारी खुर्चीत भावजी शांतपणे पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद केला. ते उठून आले आणि पातेल्यावर वाकून नाक खाली नेलं.

“वहिनी, बाहेर बोलू नका,” ते म्हणाले. “हे एकच येत होतं मला.”

वर्गाची परदेशची सहल आधीच ठरली होती. तिथली जुनी तळघरं पाहायची, पिंपांत मुरणारी वाइन चाखायची. मुलींबरोबर कुणी वडीलधारी बाई हवी असा नियम होता, म्हणून भावजींनी माझं नाव दिलं. खरं कारण वेगळं होतं. प्रत्येक तळघरात मी त्यांच्या शेजारी उभी राहायची, पेल्याचा वास घ्यायची आणि हळूच त्यांच्या कानात सांगायची. माझा वाइनशी संबंध म्हणजे नन्सच्या शाळेत असताना चॅपलमध्ये फादरांच्या हातात लांबून पाहिलेला चषक, तेवढाच. त्यामुळे मी आपली घरातली भाषा वापरायची: पिकलेला पेरू, भिजलेली चप्पल, नुकती ओढलेली काडी. भावजी त्याचं शास्त्र करून मुलांना सांगत. काडी म्हटलं की गंधक जास्त झालं. मुलं माना डोलवत. आजी नुसत्या वासावरच झिंगणार, अशी माझी थट्टाही करत.

भावजी मात्र रोज खंगत होते. बसमध्ये संत्र्याची साल नखानं चुरडून नाकाशी धरायचे, मुलं बघतायत असं वाटलं की खिशात टाकायचे. जेवण निम्मं टाकायचे. मी काही म्हटलं की म्हणायचे, एवढी सहल पार पडू दे.

शेवटच्या तळघराच्या दिवशी मला सर्दी झाली. आदल्या दिवशीची ओल बाधली होती. दगडी पायऱ्या उतरताना मी त्यांना थांबवलं, माझं नाक पार चोंदलंय म्हटलं, बरं नाही असं सांगून तुम्ही वरच थांबा. ते म्हणाले, या लोकांत पाहुण्या मास्तरानं पहिला वास घेऊन होकार दिल्याशिवाय बाटली पुढे जात नाही. मी वर थांबलो तर मुलांना काहीच मिळायचं नाही. आणि कठड्याला धरून खाली गेले.

खाली विटांच्या कमानी होत्या, भिंतींवर काळी मऊ बुरशी, आडवी पिंपं ओळीनं. उभ्या पिंपावर पेले मांडले होते. म्हाताऱ्या मालकानं बूच काढलं आणि घोटभर वाइन भावजींना दिली. त्यांनी रंग पाहिला, पेल्यात नाक घातलं, मालकाच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते पाहिलं. तो बाटलीचं तोंड पुसत होता.

“उत्तम,” भावजी म्हणाले.

पेले भरले. मुलांनी नाकं खाली नेली. मला वास येत नव्हता, पण चेहरे दिसत होते. एकीनं नाक मुरडलं, मैत्रिणीकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि चेहरा नीट केला. वर्गातला पहिला मुलगा म्हणाला, फुलांचा वास आहे. पुढच्यानं फुलांत मध घातला. मग प्रत्येकजण तेच. दुभाषी बाई मालकाला सांगत होत्या, तो खूश होत होता.

शेवटी एक मुलगी राहिली. सारखे वाद घालते म्हणून तिला सगळे वकील म्हणत. सहलीआधीच्या वासाच्या परीक्षेत एकटी तीच नापास झाली होती. तिनं दोनदा वास घेतला, बाहीनं नाक पुसलं, पुन्हा घेतला, जणू दोष तिच्याच नाकात होता.

“फुलं,” ती म्हणाली.

भावजींनी पेला खाली ठेवला. तुला खरंच फुलांचा वास येतोय का, असं त्यांनी विचारलं.

“तुम्हाला येतोय ना, सर? मग असेल. मला कळत नाही, हे पटलंय मला आता.”

भावजींचा चेहरा असा झाला की मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात सोडवला.

“मला कसलाच वास येत नाही,” ते म्हणाले. “तापापासून.”

कुणीतरी हसलं, गंमत वाटून. मग तेही थांबलं.

“परीक्षेच्या आधी की नंतर?” वकिलानं विचारलं.

“आधी.”

“मग मला नापास कशावरून केलंत?”

“बाकी सगळ्यांनी एक लिहिलं होतं. तू वेगळं.”

“मी बरोबर होते का?”

“ते मला माहीत नाही. आता कळायचंही नाही.”

तिनं पेला पुन्हा नाकाशी नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज स्वच्छ होता. “ओला पुठ्ठा,” ती म्हणाली. “बूच खराब आहे या बाटलीचं.” दुभाषी बाई घुटमळल्या. भावजींनीच त्यांना खूण केली, सांगा म्हणून.

म्हाताऱ्यानं बाटली नाकाशी नेली आणि झटकन दूर केली. छातीवर हात ठेवून त्यानं वकिलाची माफी मागितली. मग आत जाऊन दुसरी बाटली आणली, उघडली, पहिला घोट पेल्यात ओतला. सवयीनं भावजींचा हात पुढे झाला. म्हाताऱ्यानं पेला त्या हाताजवळून पुढे नेला आणि त्या मुलीच्या हातात दिला. भावजींनी हात मागे घेऊन खिशात घातला.